गिटार झणझणते? आधी पेचकस खाली ठेवा

प्रश्न : मी धरमपेठेत राहतो. माझ्या सेमी-हॉलो (अर्धपोकळ) इलेक्ट्रिक गिटारची सहावी, सगळ्यात जाड तार मे महिन्यापासून झणझणते. तिसरी तार सुरात राहत नाही. ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) फिरवू का?

उत्तर : थांबा राजे, इतक्यात नाही! झणझण अॅम्पमधूनही येते, की नुसती हातातच? हातातच असेल तर ब्रिजच्या (अंगावर तारा टेकतात तो भाग) स्क्रूवर, पिकगार्डवर (तारांखालची संरक्षक पट्टी) बोट दाबून वाजवा. पोकळ अंगाच्या गिटारमध्ये सैल स्क्रूही ढोल बडवतो. जॅकचा (केबल खोचतो ती जागा) नट ढिला दिसला तर नुसता पिळू नका. आतला जॅकही सोबत फिरतो, वायर तुटते. मग सगळं एफ-होलमधून (अंगावरचं f आकाराचं भोक) दोऱ्याने ओढत बसा. मी एकदा अख्खी दुपार घालवली आहे, वर कूलर बंद.

आवाज फ्रेटचाच (मानेवरच्या आडव्या धातूपट्ट्यांचा) असेल, तर गिटार सुरात लावून सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी साधारण पाव मिलिमीटर फट हवी. तार फ्रेटला टेकलीच असेल तर रॉड किंचित सैल करा, एका वेळी अष्टमांश फेरा, जास्त नाही. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दोन मिलिमीटरच्या आसपास ठेवा.

तिसऱ्या तारेचं दुखणं बहुधा मानेच्या टोकाच्या नटात असतं, म्हणजे तारा बसतात त्या खाचांच्या पट्टीत; जॅकचा नट वेगळा. सूर लावताना 'टिक्' आवाज आला तर खाचेत पेन्सिलचं शिसं घासा.

आणि नागपूरच्या उन्हाळ्यात गिटार भिंतीवर टांगू नका. लाकूड वाळून आकसतं, फ्रेटची टोकं बोटाला टोचतात. केसमध्येच ठेवा.