बारावीला जीवशास्त्र नसताना बी. फार्म.चे एच.ए.पी. : अनुभवातून थोडेसे

तुमचा प्रश्न वाचून उत्तर लिहिल्याशिवाय राहवले नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावीला जीवशास्त्राऐवजी गणित, बी. फार्म.च्या पहिल्याच सेमिस्टरमध्ये मानवी शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र, म्हणजे आपण सगळे ज्याला एच.ए.पी. म्हणतो तो विषय, त्याच्या पहिल्या सेशनलला, म्हणजे सेमिस्टरमधल्या अंतर्गत परीक्षेला, ३० पैकी ९ गुण, २०६ हाडांची यादी तोंडपाठ असूनही हाड हातात आल्यावर उत्तर न सुचणे, आणि आता शाखाच सोडावी की काय हा विचार, असे तुम्ही लिहिले आहे. गुणांचा आकडा सोडला तर यातले जवळजवळ सगळे माझ्याही वाट्याला आले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

मी शरीररचनेची प्राध्यापक नाही. बी. फार्म. करून रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते, आणि जे सांगते आहे ते फक्त आपल्या अभ्यासक्रमापुरते आहे. एम.बी.बी.एस. किंवा फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना याच्या कितीतरी पट खोल जावे लागते, त्यांनी यावर विसंबू नये. शिवाय प्रश्नपत्रिका काढण्याची पद्धत विद्यापीठागणिक थोडी बदलते, तेव्हा तुमच्या शिक्षकांचे म्हणणे माझ्यापेक्षा वेगळे असेल तर त्यांचे ऐका.

पुस्तक कोणते घ्यावे, रोज किती वेळ बसावे, आकृत्यांचा सराव कसा करावा हे वर्गात सांगितलेच असेल, ते पुन्हा लिहीत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की हाडे हाताने शिकायची असतात आणि शरीरक्रिया कारणांच्या साखळीने. आपल्याकडे ही दोन्ही यादी देऊन शिकवली जातात, आणि जीवशास्त्र म्हणजे पाठांतर अशी समजूत घेऊन आलेली गणित गटाची मुले ती यादीच धरून बसतात.

आता जे मला सर्वांत महागात पडले ते सांगते. आमच्या महाविद्यालयाचे नाव घेत नाही. तिथे हाडांचे पूर्ण संच होते, चांगल्या अवस्थेत होते, आणि ते काचेच्या कपाटात कुलूपबंद असत. किल्ली विभागाच्या भांडारात. भांडारात गेले की उत्तर मिळे, विभागप्रमुखांची सही आणा. विभागप्रमुखांकडे गेले की ते म्हणत, प्रात्यक्षिकाला दाखवतो ना, वेगळे कशाला हवे? आणि प्रात्यक्षिकाला अख्ख्या बॅचसमोर टेबलावर एक हाड ठेवले जाई, मागे भिंतीवर तक्ता असे, आणि तक्त्यावरून आकृती जर्नलमध्ये उतरवा असे सांगितले जाई. जर्नलवर सही झाली की तो विषय संपला. आम्ही काही जणींनी मिळून लेखी अर्ज दिला, तर ‘नमुने खराब झाल्यास जबाबदारी कोणाची’ असा शेरा मारून तो परत आला. ग्रंथालयातला शरीररचनेचा मोठा रंगीत ॲटलासही संदर्भ विभागात होता, आणि तो विभाग आमच्या तासिका संपायच्या आत बंद होत असे. मला याचा आजही राग येतो, कारण हे संच विद्यार्थ्यांसाठीच खरेदी केलेले असतात आणि मुलांच्या हाताळण्याने एखादे हाड झिजले तर त्याचे काम झाले असे समजायला हवे. ज्यांच्या घरी कोणी डॉक्टर नाही, ज्यांनी बारावीला साधा बेडूकही आतून पाहिलेला नाही, त्यांचे नुकसान अशा कुलपामुळे सर्वांत जास्त होते.

याचा परिणाम सेमिस्टरअखेरच्या प्रात्यक्षिक परीक्षेत दिसला. बाह्य परीक्षकांनी क्लॅव्हिकल, म्हणजे कॉलरच्या खाली आडवे असणारे हाड, माझ्या हातात दिले आणि विचारले, “उजव्या बाजूचे की डाव्या?” त्या हाडावरच्या खुणांची नावे मला येत होती, आकृतीही काढता आली असती. पण तक्त्यावर ते नेहमी एकाच बाजूने दिसे, आणि हातात आल्यावर त्याचे वर-खाली, पुढे-मागे कसे ठरवायचे हे कधी कोणी करून दाखवलेच नव्हते. परीक्षक रागावले नाहीत, पुढच्या प्रश्नाकडे वळले. मी जेमतेम उत्तीर्ण झाले, पण सांधे आणि स्नायू पुढे बराच काळ कच्चे राहिले, कारण ज्या हाडांना ते चिकटतात ती हाडेच डोळ्यांसमोर उभी राहत नव्हती.

क्लॅव्हिकल मी नंतर शिकले ते वसतिगृहात राहणाऱ्या फिजिओथेरपीच्या एका विद्यार्थिनीकडून. तिने तिच्या संचातले हाड माझ्या हातात दिले आणि डोळे मिटायला सांगितले. एक टोक जाड, जवळजवळ चौकोनी लागते, ते छातीच्या मधल्या हाडाकडचे. दुसरे टोक चपटे लागते, ते खांद्याकडचे. आतल्या बाजूचा दोन तृतीयांश भाग पुढे फुगलेला आणि बाहेरचा एक तृतीयांश मागे वळलेला असतो. मधल्या भागात एका पृष्ठावर बोटाला लांबट खोबण लागते, तो खालचा पृष्ठभाग. जाड टोक आत, फुगवटा पुढे, खोबण खाली असे धरले की ते हाड आपल्या अंगावर एकाच बाजूला नीट बसते, दुसऱ्या बाजूला बसतच नाही. उजवे-डावे ठरले! मग तिने विचारले की पडताना माणूस हात टेकतो तेव्हा हे हाड बहुतेक वेळा कुठे मोडत असेल. वळण जिथे बदलते तिथेच, म्हणजे दोन तृतीयांश आणि एक तृतीयांश भाग जिथे मिळतात तिथे. हाताचा भार धडाकडे नेणारे हे हाड आहे आणि त्याची कमजोर जागा तीच आहे. हे एकदा हाताला कळले की पाठ करावे लागत नाही.

म्हणून तुमची २०६ ची यादी बाजूला ठेवा असे मी स्पष्ट सांगेन. अक्षीय सांगाड्याची ८० आणि उपांगांची १२६ एवढी विभागणी माहीत असली की पुरे. त्याऐवजी क्लॅव्हिकल, ह्यूमरस (दंडाचे हाड), फीमर (मांडीचे हाड), कवटी आणि तिन्ही प्रकारचे मणके एवढी हाडे तरी हातात घेऊन शिका. ह्यूमरसचे गोल डोके आतल्या बाजूला आणि खालच्या टोकाचा खोल खळगा मागे, एवढ्या दोन खुणांवर त्याची बाजू ठरते. मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंना आडव्या बाहेर आलेल्या भागांत (प्रवर्धांत) छिद्रे असतात, छातीच्या मणक्यांवर बरगड्यांसाठी गुळगुळीत जागा असतात, कमरेच्या मणक्यांत या दोन्ही नसतात आणि त्यांचे शरीर, म्हणजे मणक्याचा पुढचा भरीव भाग, सर्वांत मोठे असते. कारणही सरळ आहे, वरचा सगळा भार तिथे येतो.

तुमच्याकडेही कपाटाला कुलूप असेल तर एकट्याने विनंती करू नका. बॅचच्या वतीने अर्ज द्या, त्यात ठरावीक वार आणि वेळ मागा, प्रयोगशाळा सहायकांच्या उपस्थितीत तिथेच बसून हाताळू असे लिहा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. विभागात नाही जमले तर प्राचार्यांकडे जा. हे उद्धटपणाचे नाही, तुमच्या शिक्षणाचा तो भाग आहे. खरी मानवी हाडे कोणाकडून विकत घेण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. आपल्या अभ्यासक्रमाला प्लास्टिकची प्रतिकृती पुरते. मोबाइलवरची त्रिमितीय ॲप्स चालतील, पण काचेवर फिरणारे चित्र हाताला काही शिकवत नाही, त्यामुळे ती दुय्यमच ठेवा.

आणि हाडे मिळाली नाहीत तरी एक संच तुमच्याजवळ आहेच. गळ्याखालच्या खळीतून बोट सरळ खाली न्या, छातीच्या हाडावर एक आडवा उंचवटा लागेल. त्याच्या दोन्ही बाजूंना दुसरी बरगडी जोडलेली असते. पहिली बरगडी क्लॅव्हिकलमागे दडलेली असल्यामुळे मोजणी इथूनच सुरू करायची. डावीकडे पाचव्या आणि सहाव्या बरगडीमधल्या जागेत, क्लॅव्हिकलच्या मध्यातून खाली येणाऱ्या काल्पनिक रेषेच्या किंचित आत, हृदयाच्या टोकाचा ठोका लागतो. पाचव्या युनिटमधले हृदय तुम्ही असे दुसऱ्या युनिटमधल्या हाडांवरूनच शोधू शकता.

आता शरीरक्रियेबद्दल. वाचताना समजते, पण लिहायला बसले की आठवत नाही, असे तुम्ही म्हणता. माझ्या मते इथे गणिताची सवय उपयोगी पडते, कारण प्रत्येक नियंत्रण म्हणजे काय बदलले, ते कोणी मोजले, आणि कोणी काय केले, एवढाच क्रम असतो. उदाहरणार्थ, आडवे झोपलेला माणूस झटकन उभा राहिला. गुरुत्वामुळे रक्त पायांच्या शिरांत साठते, हृदयाकडे परत येणारे रक्त घटते, म्हणून दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्त घटते, म्हणून रक्तदाब उतरतो. मानेतल्या कॅरोटिड सायनसमध्ये आणि महाधमनीच्या कमानीत दाबाचे संवेदक आहेत. ते रक्तवाहिनीची भिंत किती ताणली गेली ते मोजतात. ताण कमी झाला की त्यांच्याकडून नवव्या आणि दहाव्या कपालचेतांमधून (मेंदूतून थेट निघणाऱ्या चेतांमधून) मेंदूच्या तळाशी असलेल्या मेड्युलाकडे जाणारे संदेश कमी होतात. इथेच बहुतेक मुले चुकतात आणि ‘संदेश वाढतात’ असे लिहितात, कारण धोक्याच्या वेळी संदेश वाढणारच असे मनाला वाटते. संदेश कमी झाले की मेड्युला हृदयाची गती कमी ठेवणाऱ्या व्हेगस चेतेचा लगाम सैल करते आणि हृदयाची गती वाढवणाऱ्या सिंपथेटिक चेतांचे काम वाढवते. ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, दाब पूर्ववत होतो. ही साखळी कागदावर बाण काढून लिहा, आणि मग एकेक बाण पुसून पाहा की पुढे काय बिघडेल.

आपल्या शाखेला हे किती लागते ते मला नोकरीत कळले. प्रॅझोसिनसारखे रक्तदाब कमी करणारे औषध रक्तवाहिन्यांवरचे अल्फा-१ रिसेप्टर, म्हणजे सिंपथेटिक चेतांचा संदेश घेणाऱ्या जागा, अडवते, म्हणजे वरच्या साखळीतला ‘आकुंचन’ हा बाणच पुसून टाकते. म्हणून पहिल्या मात्रेनंतर उभे राहताना रुग्णाला चक्कर येऊ शकते, आणि म्हणून पहिली मात्रा झोपताना घ्यायला सांगतात. औषधाच्या खिडकीपाशी हे समजावून सांगणारा माणूस फार्मासिस्टच असतो, आणि ज्याला साखळी येते त्याला ते रुग्णाच्या भाषेत सांगता येते.

प्रात्यक्षिकातही गणित आहेच. पांढऱ्या पेशी मोजताना शेवटी ५० ने का गुणायचे असे तोंडी परीक्षेत विचारतात आणि उत्तर सहसा ‘सूत्र आहे’ असे येते. पेशी मोजायच्या काचेवरचे चार मोठे चौरस, प्रत्येकाचे क्षेत्रफळ १ चौरस मिलिमीटर, खोली ०.१ मिलिमीटर, म्हणजे आकारमान ०.४ घन मिलिमीटर. रक्त २० पट विरळ केलेले. २० भागिले ०.४ बरोबर ५०. तांबड्या पेशींसाठी १०,००० कुठून येतात ते आता तुम्ही काढा. ८० लहान चौरस, प्रत्येक १/४०० चौरस मिलिमीटरचा, आणि २०० पट विरळीकरण. जाता जाता एक सूचना: बोट टोचण्यासाठी प्रत्येकाला नवीन लॅन्सेटच (टोचायची निर्जंतुक सुई) हवे, ते मिळत नसेल तर बोट पुढे करू नका.

इंग्रजीची भीती तुम्ही बोलून दाखवली नाही, पण ती असणार असे वाटते. मी साखळी आधी खोलीतल्या मैत्रिणीला मराठीत समजावून सांगत असे आणि मग तोच क्रम छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहीत असे. यात वेळ जातो, परंतु पाठ केलेला परिच्छेद मध्येच तुटतो तसे होत नाही.

गुणांचे म्हणाल तर फार्मसी कौन्सिलच्या नियमांनुसार सेशनल ३० गुणांची होऊन तिचे १५ धरले जातात, दोन सेशनलची सरासरी घेतली जाते, आणि सेशनलमधील कामगिरी सुधारण्याची एक संधी विद्यार्थ्याला असते. कार्यालयात कोणी ‘असे काही नसते’ म्हणाले तर नियम स्वतः वाचून लेखी विचारा. बारावीला जीवशास्त्र नसलेल्यांसाठी असलेली रेमेडियल बायोलॉजीही कमी गुणांचा विषय म्हणून टाळू नका, पेशी आणि ऊती तिथेच पक्क्या होतात.

एका सेशनलवरून शाखा सोडू नये असे माझे ठाम मत आहे, अर्थात घरची परिस्थिती आणि आवड यांचा निर्णय तुमचाच. दुसऱ्या सेमिस्टरच्या एच.ए.पी.मध्ये मूत्रपिंडे येतात, दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळून त्यातले जेमतेम दीड लिटर मूत्र म्हणून सोडणारी. तो भाग गणिताच्या मुलांना फार आवडतो असे मी पाहिले आहे. दुसऱ्या सेशनलला कोणते युनिट आहे ते कळवा. रक्त असेल तर रक्त गोठण्याच्या साखळीची मी बाणांनी केलेली मांडणी इथे लिहून देईन.