बर्गलरी पॉलिसी घ्याच, पण फिर्याद वाचून मगच सही करा

कराडच्या सुतारदादांनी विचारलंय की कटर, प्लेनर, राउटर, कॉम्प्रेसर मिळून सहा लाखांचा माल वर्कशॉपमध्ये आहे आणि एजंट म्हणतो 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' घ्या, चोरीपण आहे त्यात. तेवढ्यावर भागेल का?

दादा, मी सांगलीत मोटार रिवाइंडिंग करतो. दुकानात तांबं असल्यावर चोर यायचाच, त्यामुळे यातलं सगळं भोगून झालंय. मी एजंट नाही, वकीलही नाही. तुमच्या पॉलिसीत काय छापलंय तेच शेवटी खरं.

एजंट खोटं बोलत नाही, अर्धं बोलतोय. १ एप्रिल २०२१ पासून आलेली ती पॉलिसी मुळात आग, पूर, वादळ यांची. चोरी मिळते ती अशी घटना घडल्यावर तिच्या पाठोपाठ ७ दिवसांत झाली तर. म्हणजे २०१९ सारखं कृष्णेचं पाणी आत आलं आणि त्या गडबडीत कुणी माल उचलला, तर. एरवी रात्री कुणी दुकान फोडलं तर त्यातून काही मिळत नाही. त्याला बर्गलरी, म्हणजे घरफोडीची पॉलिसी, वेगळी घ्यावी लागते.

आणि बर्गलरीतही नुसतं 'चोरीला गेलं' चालत नाही. जबरदस्तीनं आत शिरल्याची किंवा बाहेर पडल्याची खूण लागते. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्येच सांगितलंय की पॉलिसीत तशी अट असेल तर ती अक्षरशः पाळली जाणार. दिवसाढवळ्या उघड्या शटरातून कुणी ग्राइंडर नेला तर गेला. कामगारानंच नेला तरी बहुतेक पॉलिसीत हात वर.

माझं घोडं इथंच अडलं. चोरांनी मागचा पत्रा उचकटला होता, बोल्ट तुटून खाली पडलेले. पण ज्या पोलीस ठाण्यात गेलो (नाव घेत नाही, पुन्हा तिथंच जायचंय), तिथल्या साहेबांनी फिर्यादीत लिहिलं, 'अज्ञात इसमाने चोरून नेले'. पत्र्याचा उल्लेखच नाही. कलम लावलं भारतीय न्याय संहितेचं ३०३, साधी चोरी. मी म्हटलं घरफोडीचं कलम लावा, तर "आम्हाला शिकवू नका". विमावाल्यांनी तेवढ्याच ओळीवर बोट ठेवून क्लेम फेटाळला. मग पुरवणी जबाब, पत्र्याचे फोटो, पंचनाम्याची नक्कल, कलम ३३१ (घरफोडी) आणि ३०५ (इमारतीतली चोरी) वाढवून घेणं. हेलपाटे मोजायचे सोडून दिले. बरं, तेवढ्यावर संपत नाही. तपास लागला नाही की विमावाले 'अ समरी' मागतात, म्हणजे गुन्हा खरा पण चोर सापडला नाही असा अहवाल, कोर्टानं मंजूर केलेला. तो कागद कुणी आणून देत नाही, मागेच लागावं लागतं. लाईट बिल एक दिवस चुकलं तर कनेक्शन तोडायला येतात, आणि इथं... जाऊ दे.

म्हणून फिर्यादीवर सही करायच्या आधी वाचा. कुलूप तोडलं, कडी कापली, कौलं काढली, जे झालं ते त्याच शब्दांत आलं पाहिजे. पंचनामा होईपर्यंत दुरुस्ती करू नका. नक्कल फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे.

विम्याची रक्कम कमी दाखवून हप्ता वाचवू नका. सहा लाखांचा माल तीन लाखांचा दाखवला आणि एक लाखाची चोरी झाली, तर विमा निम्म्याच मालाचा म्हणून हातात साधारण पन्नास हजारच येतात. बिलं नसलेल्या जुन्या मशीनचे नंबरासकट फोटो काढून स्वतःलाच मेल करून ठेवा. साईटवर नेलेली हत्यारं दुकानाच्या पॉलिसीत येत नाहीत, हेही एजंट आपणहून सांगत नाहीत.

क्लेम नाकारलाच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान झालं नाही तर पुण्याला विमा लोकपालाकडे जा, विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी तिथं ऐकतात. फी नाही, वकील लागत नाही. मला तिथून बरंचसं मिळालं.

मिळालं नाही ते शेतकऱ्यांच्या मोटारींचं. दुरुस्तीला आलेला परक्याचा माल पॉलिसीत वेगळा लिहून घ्यावा लागतो. तुमच्याकडे पॉलिशला आलेले गिऱ्हाइकाचे दरवाजे, पलंग पडून असतील तर तेही एजंटकडून आत्ताच लिहून घ्या, आणि प्रत्येकाला पावती द्या.