पर्माफ्रॉस्टला मराठीत काय म्हणायचं? 'स्थायी तुषार' तर नकोच

ताई, तुमचं वाक्य वाचलं. नववीच्या मुलांसाठी तुम्ही सायबेरियातल्या लेना नदीवर उतारा लिहून राहिल्या आहात, ती समुद्राला मिळते तिथली वर्षानुवर्षं गोठलेली जमीन, म्हणजे पर्माफ्रॉस्ट, आणि नदीचं पाणी शास्त्रज्ञ कसं मोजतात त्यावर, आणि मथळा केलाय 'त्रिभुज प्रदेशातील स्थायी तुषार व जलपातळीचे संनियंत्रण'. विचारलंय की हे बरोबर आहे का, की सरळ 'कायम गोठलेली जमीन' लिहू. माझं मत स्पष्टच सांगतो, 'स्थायी तुषार' काढून टाका, 'कायम' पण काढा, आणि 'संनियंत्रण' तर मुलांपुढे ठेवूच नका. का ते सांगतो, थोडं लांबेल.

आधी तुषार. गोठण्याच्या अर्थाने हा शब्द आपल्याकडे हिंदीतून आलाय, हिंदीच्या भूगोलात 'स्थायी तुषार' रूढ आहे आणि तिथे तो चालतोही, कारण तिकडे तुषार म्हणजे थंडीत पिकावर जमणारा पांढरा थर असा अर्थ लोकांना माहीत आहे. संस्कृतातही थंडी, हिम हे अर्थ आहेतच. पण मराठीत तुषार म्हणजे उडणारे पाण्याचे थेंब, आपल्या नागपूरच्या पोराला तुषार म्हटलं की फुटाळ्याचं कारंजं आठवणार नाहीतर वावरात हरभऱ्यावर फिरणारा तुषार सिंचनाचा पाइप. आता 'स्थायी तुषार' वाचून त्याच्या डोळ्यापुढे काय येईल? कायम चालू असलेलं कारंजं. अर्थाच्या पार उलट.

मग बर्फ घालून काही शब्द करावा का, 'हिमभूमी' वगैरे, तर तेही नको. पर्माफ्रॉस्ट म्हणजे बर्फ नाही, ती जमीन आहे हे आधी पक्कं करून घ्या. व्याख्या फक्त तापमानाची आहे, माती असो, वाळू असो, खडक असो, सलग दोन वर्षं तरी शून्य अंश किंवा त्याच्या खाली राहिला की झाला पर्माफ्रॉस्ट, त्यात बर्फ असलाच पाहिजे असं नाही, कोरडा खडकसुद्धा चालतो. वर साचलेला बर्फ, हिमनदी हे सगळं वेगळं. म्हणून शब्दात 'जमीन' किंवा 'भुई' पाहिजेच पाहिजे.

आता 'कायम'. इथे गंमत अशी की हा 'कायम' इंग्रजीतही उसनाच आलाय. पर्माफ्रॉस्ट हा शब्द १९४३ साली सीमन मुलर नावाच्या भूशास्त्रज्ञाने घडवला, तो रशियात जन्मलेला अमेरिकन, रशियन यायची, आणि रशियनमध्ये या जमिनीला 'वेचनाया मेर्झलोता' म्हणायचे, म्हणजे शाश्वत गोठण. हे शाश्वतपण लोकांना का वाटलं असेल ते सायबेरियातल्या याकुत्स्क शहरातल्या विहिरीवरून कळतं. तिथे शेर्गिन नावाच्या माणसाने १८२८ मध्ये पाण्यासाठी विहीर खोदायला घेतली, १८३७ पर्यंत खोदत राहिला, ११६ मीटरपेक्षा खोल गेला, तरी गोठलेली जमीन संपली नाही. आणि हे नऊ वर्षं हाताने खोदणं. असं पाहिल्यावर कोणीही शाश्वतच म्हणेल. पण पुढे रशियन शास्त्रज्ञांनीच तो शब्द मागे टाकून 'अनेक वर्षांची गोठण' अशा अर्थाचा 'म्नोगोलेत्न्याया मेर्झलोता' वापरायला सुरुवात केली, कारण ती शाश्वत नाही, आतला बर्फ वितळून सुटते, आणि हल्ली तर सुटून राहिली आहे. ज्यांच्याकडून 'कायम' आला त्यांनीच सोडला, मग आपण कशाला धरून बसायचं?

माझा शब्द आहे 'बारमाही'. बारमाही गोठलेली जमीन. बारमाही नदी, बारमाही विहीर हे आपल्या तोंडातलं आहे, आणि त्यात वर्षभर टिकणं आहे पण अमरपट्टा नाही, गावातली बारमाही विहीरही एखाद्या वाईट सालात आटते आणि तेव्हा कोणी म्हणत नाही की शब्द चुकला. दुसरा फायदा त्याहून मोठा. या जमिनीच्या वर एक थर असतो जो उन्हाळ्यात मोकळा होतो आणि हिवाळ्यात परत गोठतो, इंग्रजीवरून त्याला कोणी 'सक्रिय थर' लिहितात, त्यातून मुलाला काहीच कळत नाही. आपल्याकडे ओलिताचे दोन प्रकार शेतकरी रोज बोलतात, हंगामी ओलीत आणि बारमाही ओलीत. तीच जोडी इथे लावा, वर हंगामी थर, खाली बारमाही थर. सातबारा पाहिलेल्या घरातल्या पोराला समजावून सांगायचीही गरज नाही.

(मी स्वतः आधी 'गोठणभूमी' करून पाहिलं होतं. उमरेडकडच्या मामांना वाचून दाखवलं तर त्यांनी गुरं उभी करायची जागाच समजली, आणि त्यांचं बरोबरच होतं, गोठण म्हणजे तीच जागा. तेव्हापासून तो शब्द सोडला.)

क्रियापदाकडे जास्त लक्ष द्या, कारण पेपरात सगळ्यात जास्त चूक तिथे होते. 'जमीन वितळते आहे' असं सर्रास छापतात. बर्फ वितळतो, मेण वितळतं, साखर विरघळते, जमीन वितळत नाही हो, जमीन वितळली तर तो लाव्हा झाला. जमिनीतला बर्फ वितळतो आणि जमीन सैल पडते, सुटते. डिसेंबरात आपल्याकडे खोबरेल थिजतं, बाटली उन्हात ठेवली की सुटतं, तसंच. तेव्हा 'बर्फ वितळून जमीन सुटते' असं लिहा, दोन्ही गोष्टी आपापल्या जागी येतात. नागपुरात २०१८ च्या २९ डिसेंबरला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, तेवढ्याने आपली भुई गोठत नाही, म्हणून आपल्या भाषेत यासाठी तयार क्रियापद नाही, यात भाषेचा काही दोष नाही.

'संनियंत्रण' हा मॉनिटरिंगसाठी शासन निर्णयात वापरतात तो शब्द. त्यात नियंत्रण दडलेलं आहे आणि मुलं तेवढंच वाचतात, की लेना नदीवर कोणी नियंत्रण ठेवतंय. तिथे कोणी काही नियंत्रणात ठेवत नाही, लोक फक्त मोजतात आणि वर्षानुवर्षं लिहून ठेवतात. 'नोंदी ठेवणे' म्हणा, 'मोजणी' म्हणा. मोजतात कसं ते तुमच्या उताऱ्यात अगदी एका ओळीत आलंय, ते वाढवा, कारण शब्द तिथूनच कळतील. हंगामी थराची खोली मोजायला एक लोखंडी सळई लागते, बस. उन्हाळा संपता संपता, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, सळई जमिनीत खुपसायची, टण्‌ करून जिथे थांबली तिथे बारमाही थर सुरू. आर्क्टिकमधे बऱ्याच ठिकाणी १०० मीटर बाय १०० मीटरचा चौकोन आखून दर दहा मीटरवर, म्हणजे अकरा गुणिले अकरा, १२१ ठिकाणी टोचून पाहतात आणि दरवर्षी त्याच जागी. लेनाच्या मुखाशी सामोयलोव्ह नावाचं बेट आहे, तिथे संशोधन केंद्र आहे, तिथला हंगामी थर साधारण अर्ध्या मीटरचा, आणि त्याखाली कित्येकशे मीटर गोठलेलं. खालचं तापमान पाहायला बोअर घेऊन त्यात वेगवेगळ्या खोलीवर तापमापक लावलेली तार सोडतात.

आणि आता 'पातळी', ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही पण माझ्या मते खरा मुद्दा तिथे आहे. पातळी हा शब्द एकटा कधीच पुरत नाही, कशापासून पातळी हे लागतं. पावसाळ्यात पेपरात येतं गोसेखुर्द धरणाची पातळी इतके मीटर, ती समुद्रसपाटीपासून. आपल्या नागपूरच्या झिरो माइलला जो दगड आहे तो १९०७ चा, त्यावर १०२०.१७१ फूट उंची कोरलेली आहे, सर्वेक्षणवाल्यांना उंची मोजायला असा एक न हलणारा दगड लागतो म्हणूनच तो तिथे आहे. आता लेनाच्या काठावर असा दगड ठोकून पाहा. हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि खांब वर उचलला जातो, उन्हाळ्यात माती सुटली की खाली बसतो, बर्फ जास्त असेल तर जमीनच खचते. मग नदी चढली की मोजपट्टी उतरली हे कसं सांगणार? आपल्या काळ्या मातीचं उदाहरण इथे चपखल बसतं, मे महिन्यात भेगा, पावसात फुगणं, भिंतींना तडे, म्हणून घर बांधताना आपण पाया मुरमापर्यंत नेतो. लेनाकाठी मोजणारे लोकही तेच करतात, उंचीची खूण वरच्या हंगामी थरात ठेवतच नाहीत, खडक सापडला तर खडकात नाहीतर खोल बारमाही थरात गाडतात, म्हणजे जी जमीन सुटायची भीती तिच्याच गोठलेपणाचा आधार घेतात. नदीत उभी पट्टी तर वसंतातला बर्फ मोडूनच टाकतो, म्हणून तळाशी पाण्याचा दाब मोजणारं यंत्र ठेवतात आणि दाबावरून पाण्याची उंची काढतात.

वसंतात एवढं काय होतं हेही मुलांना सांगा. लेना दक्षिणेकडून उत्तरेला वाहते, कॅनडाची मॅकेन्झीही तशीच. वरच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या गरम भागात बर्फ आधी वितळतो, पाणी निघतं, आणि खाली मुखाजवळ नदी अजून गोठलेलीच असते, मग बर्फाचे तुकडे अडून बांध तयार होतो आणि पाणी काही तासांत मीटर-मीटरने चढतं. २०२३ च्या सप्टेंबरात नागपुरात अंबाझरी तलावाचं पाणी रात्रीतून घरात शिरलं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ही धास्ती कळेल, फरक एवढाच की तिकडे हे दरवर्षी मे-जूनच्या आसपास घडतं, आणि मॅकेन्झीच्या काही उंचावरच्या तळ्यांना तर हा पूर आला तरच नदीचं नवं पाणी मिळतं. 'पूर' हाच शब्द ठेवा, त्याला वेगळं नाव द्यायची गरज नाही.

त्रिभुज प्रदेश राहू द्या. मॅकेन्झीचा आकार लांब पट्ट्यासारखा आहे, लेनाचा पंख्यासारखा, त्रिकोण कुठेच नाही, पण शब्द शाळेत पक्का झालाय, मुलं अडणार नाहीत.

तेव्हा मथळा असा करून पाहा, 'लेनाच्या त्रिभुज प्रदेशात बारमाही गोठलेली जमीन आणि नदीची पातळी कशी मोजतात'. लांब वाटेल, पण एकही शब्द कोशात पाहावा लागत नाही. पर्माफ्रॉस्ट हा शब्द पहिल्या परिच्छेदात एकदा देवनागरीत देऊन टाका, पुढे लडाखवर वाचतील तेव्हा परत भेटेल त्यांना. आणि तुम्ही जे चित्र काढून घेणार आहात त्यात सळई धरलेला माणूस असेल तर सळईचं टोक कुठे थांबलं तिथे रेघ ओढायला सांगा, रेघेच्या वर 'हंगामी', खाली 'बारमाही', एवढंच लिहा.