सरकारी धान्य वाहतुकीचं टेंडर कसं भरायचं?

प्रश्न: माझे तीन ट्रक आहेत, आत्तापर्यंत अडत्यांचा माल वाहिला. आता रेशनच्या धान्य वाहतुकीचं टेंडर भरावं म्हणतोय. ओळख लागते का हो? - एक वाचक, लातूर

उत्तर: दादा, ओळखीचं नंतर बघू, आधी क्लास ३ डिजिटल सही (ऑनलाइन सही करायचं प्रमाणपत्र) काढा, ती नसेल तर महाटेंडर्स या राज्य सरकारच्या टेंडर पोर्टलवर बोलीच भरता येत नाही. मग टेंडरची पीडीएफ शेवटच्या पानापर्यंत वाचा, कारण उलाढाल, अनुभव आणि स्वतःच्या गाड्या किती पाहिजेत हे तिथंच असतं, आणि खरं सांगू का, जिल्ह्याच्या मोठ्या कामात तीन ट्रकवाला बहुतेक इथंच अडतो. बोलीचे ऑनलाइन लिफाफे दोन, एक तांत्रिक कागदपत्रांचा, दुसरा दराचा; तांत्रिकात नापास झालात तर दराचा उघडतच नाही, त्यामुळं फिटनेस, विमा, परमिट चालू ठेवा. दराची एक्सेल शीट पोर्टलवरचीच भरायची, फाइलचं नाव बदललं की अपलोड होत नाही (सायबर कॅफेवाले हमखास बदलतात!). उद्यम नोंदणीवर (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) टेंडरची अनामत रक्कम माफ आहे का तेही बघा. आणि डिझेल वाढलं तर दर वाढवून मिळणार का, हे कलम बघितल्याशिवाय कमी दर टाकूच नका, बिलं निघायला महिनोन्महिने लागतात आणि तोवर डिझेल तुमच्याच खिशातनं.