‘भामटा’ हा शब्द बातमीत वापरावा का?

‘पोलीस असल्याची बतावणी करून भामट्याने वृद्धेच्या बांगड्या लांबवल्या’ अशा बातम्यांतील ‘भामटा’ हा शब्द जातिवाचक आहे का, आणि असल्यास ‘ठग’ या शब्दालाही तोच आक्षेप घेता येईल का, अशी विचारणा झाली आहे. माझ्या मते पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आणि दुसऱ्याचे नकारार्थी आहे, कारण हे दोन शब्द बदनामीपर्यंत परस्परविरुद्ध वाटांनी पोहोचले आहेत.

‘ठग’ हे मुळात सामान्यनाम आहे. संस्कृतातील ‘स्थग’, म्हणजे लबाड, या शब्दाशी त्याचे नाते सांगितले जाते. कंपनी सरकारने विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याच्या ठगविरोधी मोहिमेच्या काळात या सामान्यनामाला वंशपरंपरागत खुनी टोळ्यांच्या नावाचे रूप दिले आणि 1836 च्या कायद्याने ठगांच्या टोळीत कधीकाळी असणे एवढ्याच गोष्टीसाठी जन्मठेप ठेवली. तरीही आज ‘ठग’ म्हटल्याने कोणाच्याही जातीचा दाखला डोळ्यांसमोर येत नाही.

‘भामटा’ या शब्दाने तो येतो. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत भामटा आणि राजपूत भामटा ही नावे आजही आहेत. त्यातही भामटा या नोंदीखाली येणारी नावे नीट वाचण्यासारखी आहेत, कारण पाथरूट, टकारी, उचले, घंटीचोर ही नावे तेथे एकाच रांगेत बसली आहेत. टकारी म्हणजे जात्या-पाट्यांना टाकी लावून, म्हणजे छिन्नीने त्यांचा दगड पुन्हा खरबरीत करून देणारे. ज्यांच्या हातच्या टाकीशिवाय घरोघरचे दळण-वाटण अडले असते, त्यांच्याच नावाशेजारी ‘उचलणे’ या क्रियापदावरून पडलेले नाव सरकारी कागदावर कायम झाले. पहिले नाव कष्टाचे आहे, दुसरे आरोपाचे. आणि मराठी बोलण्या-लिहिण्यात सरसकट रुळली ती आरोपाचीच बाजू, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हे आपोआप घडलेले नाही. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांनी भामट्यांची ओळख जत्रेत व बाजारात खिसे कापणारी जात अशीच करून दिली. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि 1911 च्या कायद्याने तो सर्व ब्रिटिश मुलखात आणता येऊ लागला. या कायद्याखाली एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर झाली की त्या जाहीरनाम्याला न्यायालयात आव्हान देता येत नसे. नोंद झालेल्या माणसावर हजेरीची सक्ती करता येई आणि परवान्याशिवाय ठरवून दिलेली हद्द ओलांडणे हा गुन्हा ठरे, मग त्याने स्वतः कधी काही चोरलेले असो वा नसो. 1952 मध्ये हा कायदा रद्द झाला व ‘विमुक्त’ हा शब्द आला, पण बातमीदाराच्या भाषेतून जुने नाव सुटले नाही.

बातमीतील एकवचन येथे बारकाईने पाहावे. बांगड्या नेणारा माणूस पळून गेलेला असतो, त्याची जात कोणालाही ठाऊक नसते, आणि तरीही त्याला एका जिवंत समाजाचे नाव दिले जाते. एखाद्याला ‘शकुनीमामा’ म्हटल्याने दोष महाभारतातल्या एका पात्राकडे जातो. ‘भामटा’ म्हटल्याने तो शाळेच्या दाखल्यावर ती जात लिहिलेल्या मुलाकडे जातो, आणि वर्गात तो शब्द कोणत्या स्वरात उच्चारला जात असेल हे सांगायला नको. निर्ढावलेल्या माणसाला ‘बेरड’ म्हणणेही याच प्रकारचे आहे, कारण बेरड हेही एका समाजाचे नाव आहे. 1705 मध्ये वाकिनखेड्याला, म्हणजे आजच्या कर्नाटकातील किल्ल्यावर, औरंगजेबाच्या फौजेशी झुंजलेले ते हेच बेरड.

शब्द रूढ झाला आहे, वापरणाऱ्याच्या मनात जात नसते, हा बचाव मला पुरेसा वाटत नाही, कारण ज्याला तो लागतो त्याच्या कानाला वापरणाऱ्याचे मन ऐकू येत नाही. शिवाय मराठीत पर्यायांची वाण नाही. बतावणी करणाऱ्यासाठी ‘तोतया’ हा अधिक नेमका शब्द आहे, ऐवज लांबवणाऱ्यासाठी ‘चोरटा’ आहे, आणि पैशाला गंडा घालणाऱ्याला ‘ठकसेन’ किंवा सरळ ‘ठग’ म्हणता येते. जुने साहित्य पुन्हा छापताना मात्र मूळ शब्द बदलू नये. तेथे तो तसाच ठेवून तळटीपेत समाजाच्या नावाचा उल्लेख करावा.