इंडिकेटर फास्ट पळतोय? आधी बल्ब बघ

भावा, लगेच फ्लॅशर रिले (इंडिकेटरची उघडझाप करणारा भाग) बदलू नकोस. एकाच बाजूचा इंडिकेटर पळतोय ना? मग बहुतेक त्याच बाजूचा पुढचा नाहीतर मागचा बल्ब उडालाय. २१ वॅटचा एक बल्ब गेला की करंट कमी ओढला जातो, म्हणून टकटक वाढते. हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावून गाडीभोवती एक चक्कर मार, बंद दिवा लगेच सापडेल. बल्बच्या आतली तार शाबूत असेल तर होल्डर बघ. हिरवट गंज दिसला तर पॉलिश पेपरने घास, अर्थिंगही (गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर) तपास. हौसेनं एलईडी टाकलेत? मग तेच कारण, ते करंटच कमी खातात. नवा बल्ब घ्यायला जुना सोबत ने. नारिंगी बल्बच्या पिना वेगळ्या असतात. तोवर सात रस्त्याच्या चौकात वळताना हातही दाखव, तिथं मागचा रिक्षावाला इंडिकेटरकडं बघत नसतो.