'उडती तबकडी' आणि 'यूएफओ' एकच का?

प्रश्न असा आहे : 'उडती तबकडी ही उल्काच निघाली' असे लिहिणे बरोबर का? आणि यूएफओसाठी ('अनआयडेंटिफाइड फ्लाइंग ऑब्जेक्ट') 'अज्ञात उडती वस्तू' चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे. चालेल. 'अज्ञात वाहनाची धडक' या बातमीत वाहन अद्भुत नसते, त्याचा पत्ता लागलेला नसतो, एवढेच. तेवढ्याच अर्थाने 'अज्ञात' घ्यावा. १९५०च्या दशकात अमेरिकी हवाई दलाने यूएफओ ही संज्ञा वापरात आणली तीही याच अर्थाने. अशा वस्तूंच्या तपासासाठीच्या त्यांच्या 'प्रोजेक्ट ब्लू बुक'मध्ये १९६९पर्यंत १२,६१८ नोंदी झाल्या. ७०१ सोडता बाकीच्यांचा खुलासा झाला. तारे, ग्रह, विमाने, हवामानाचे फुगे, उल्का असेच काहीबाही निघाले.

'तबकडी'चे तसे नाही. २४ जून १९४७ला केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला अमेरिकेतल्या माउंट रेनियर पर्वताजवळ नऊ चकाकत्या वस्तू दिसल्या. पाण्यावर भिरकावलेल्या बशीसारख्या त्या उसळत होत्या, असे त्याने सांगितले. उपमा आकाराची नव्हे, उसळत जाण्याची होती, असा खुलासा त्याने पुढे केला. पण तोवर वर्तमानपत्रांनी बशीच ('फ्लाइंग सॉसर') उडवली होती; तीच मराठीतली 'उडती तबकडी'. आज 'तबकडी' म्हटले की आत परग्रहवासी बसवूनच शब्द येतो. म्हणून 'यूएफओ उल्का निघाली' हे वाक्य सरळ आहे. 'तबकडी उल्का निघाली' लिहायचे तर तबकडीला अवतरणचिन्हे हवीत.

खरे तर बातमीत नामापेक्षा क्रियापद पाहावे. 'सर्रकन गेली' असेल तर उल्का संभवते, कारण ती सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते आणि काही सेकंदांत विझते. 'घिरट्या घालत होती' म्हटले की उल्का बाद. मग ड्रोन, फुगा, नाहीतर क्षितिजाजवळचा शुक्र. (अंधारात एकाच ठिपक्याकडे टक लावली तर तो हलल्यासारखा वाटतोच.) 'रांगेने, सावकाश, मिनिटभर' असेल तर जळत परतणारा रॉकेटचा टप्पा किंवा उपग्रह. ३ मार्च १९६८ला सोव्हिएत झोंड-४ या अंतराळयानाच्या मोहिमेतले अवशेष अमेरिकेवर असेच जळत गेले. बघणाऱ्यांपैकी काहींनी त्या सुट्या ठिपक्यांना खिडक्या मानले आणि भोवती आख्खे यान कल्पिले!

जाता जाता : उल्का म्हणजे आकाशातली प्रकाशरेघ. जमिनीवर पोचतो तो दगड 'अशनी'. 'शेतात उल्का सापडली' हे मात्र चूकच.